बोर्डाचा उजेड खाली पडतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या रात्रीच्या रेंडरमध्ये, म्हणजे बिल्डरसाठी संगणकावर बनवलेल्या इमारतीच्या चित्रात, दुकानाचा बोर्ड दिसला की प्रश्न ठरलेला, "फोटोच चिकटवलाय ना? मग त्याचा उजेड फुटपाथवर कसा पडतो?"

चिकटवतोच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फोटो इमिशन शेडरच्या (वस्तूला स्वतःचा उजेड देणाऱ्या सोयीच्या) रंगाला जोडायचा, स्ट्रेंग्थ म्हणजे उजेडाचा जोर वाढवायचा, की तो पत्रा उजेड टाकायला लागतो. दोन मिनिटांचं काम. गोम आहे ती फोटोत.

मेडिकलचा साधा ग्लो-साइन बोर्ड रात्री जवळ जाऊन बघा. ट्यूबा जिथे आहेत तिथे ॲक्रिलिकवर उजळ पट्टे, मधे जरा मंद, कोपरे पिवळट आणि तळाशी मेलेल्या किड्यांची काळी रेघ. मोबाइलच्या फोटोत हे पट्टे उरतच नाहीत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. पट्टाही २५५ आणि शेजारचा भागही २५५. मग स्ट्रेंग्थ कितीही चढवा, अख्खा बोर्ड एकसारखा भगभगतो, लाल अक्षरंसुद्धा पांढरी पडतात.

म्हणून मी ट्रायपॉड लावून जागचे न हलता तीन फोटो काढतो, १/४, १/३० आणि १/२५० सेकंदांचे. दर टप्प्याला उजेड साधारण आठपट कमी. शेवटचा फोटो जवळजवळ काळाच येतो, पण पट्टे सापडतात ते त्यातच. तिन्ही जुळवून ईएक्सआर फाइल करायची, म्हणजे उजेडाचे खूप मोठे आकडेही साठवणारी चित्राची फाइल. तिथे २५५चं छत नाही. ही युक्ती माझी नव्हे, संशोधक पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये ती मांडली. जेपेगवरच भागवायचं असेल तर निदान कलर स्पेस (फोटोतले आकडे उजेडात कसे बदलायचे ते सांगणारी सेटिंग) एसआरजीबी ठेवा. तिथला १२८ म्हणजे अर्धा उजेड नव्हे, जेमतेम २२ टक्के.

एकदा जास्त शहाणपणा केला. रेंडरमधले पांढरे ठिपके कमी व्हावेत म्हणून लाइट पाथ नोड (किरण कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणारी सोय) लावून कॅमेऱ्याला स्वच्छ बोर्ड दाखवला आणि बाकी सगळ्याला त्याचीच पुसट प्रत. दृश्य पावसाळी रात्रीचं. दुकानापुढच्या ओल्या फरशीत नाव पार विरघळलेलं! प्रतिबिंबाचे किरण कॅमेऱ्याच्या किरणांत मोजले जात नाहीत, हे विसरलो होतो. बिल्डरच्या माणसाने बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. आता प्रतिबिंबांनाही स्वच्छ प्रत देतो. पुसट प्रत फक्त भिंतीवर पसरणाऱ्या उजेडासाठी.

किड्यांची रेघ मात्र दर वेळी काढायला लावतात.