जांभ्याची माती आणि नऊ मिलिमीटरचे रूळ

छोट्या प्रमाणातील रेल्वेप्रतिकृतीपुढे उभे राहणाऱ्याची नजर प्रथम इंजिनावर जाते. परंतु दृश्य खरे वाटते की खेळण्यातले, हे रूळ आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची वीतभर जमीन ठरवते. मी सध्या १:१६० या, म्हणजे एन प्रमाणात, गोव्यातील कुळे स्थानक सोडून गाडी घाटाकडे निघते तेथील भाग उभारतो आहे. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील कॅसलरॉकपर्यंतचा हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मीटरगेज होता, म्हणजे रुळांमधील अंतर (गेज) एक मीटर होते, आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. त्यामुळे प्रतिकृती कोणत्या काळाची करायची, हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. त्यात हिशेबही येतो.

एन प्रमाणातील रुळांमध्ये ९ मिलिमीटर अंतर असते. त्याला १६० ने गुणले की १,४४० मिलिमीटर होतात, कारण हे माप १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजवर बेतलेले आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्यासाठी जवळजवळ साडेदहा मिलिमीटर हवेत. उलट एनहून लहान अशा झेड प्रमाणाचे साडेसहा मिलिमीटरचे रूळ १:१६० मध्ये वापरले, तर १,०४० मिलिमीटर भरतात, आणि ते मीटरगेजच्या फार जवळ जाते. ज्यांना वाफेच्या इंजिनांच्या काळातील घाट करायचा आहे, त्यांनी या पर्यायाचा जरूर विचार करावा. डब्यांचे सांगाडे मात्र त्यांना स्वतः घडवावे लागतील. मला आजचा घाट हवा होता आणि प्रत्येक डब्याची चाके बदलण्याचा उत्साह नव्हता, म्हणून गेजमधील तूट मान्य केली आणि बाकीच्या मापांत काटेकोर राहायचे ठरवले.

माझ्या मते गेजमधील तुटीपेक्षा रुळाची उंची डोळ्यांना अधिक खुपते. सहज मिळणारे तयार रूळ कोड ८० चे असतात, म्हणजे त्यांची उंची इंचाचा ऐंशी सहस्रांश, सुमारे दोन मिलिमीटर. खऱ्या मापात ती सव्वातीनशे मिलिमीटर होते, आणि प्रत्यक्षात मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटरच उंच असतो. कोड ४० चा रूळ जवळजवळ अचूक बसतो, परंतु जुन्या डब्यांच्या चाकांच्या खोल कडा त्यावर स्लीपरच्या बंधांना घासतात. कोड ५५ हा मधला मार्ग मला पटला. काँक्रीटचा स्लीपर पावणेतीन मीटर लांब असतो आणि एका किलोमीटरला १,६६० स्लीपर धरले, तर दोहोंच्या मध्यांमधील अंतर साठ सेंटिमीटर येते; प्रतिकृतीत ही मापे अनुक्रमे १७ आणि पावणेचार मिलिमीटर होतात. रूळ जोडताना केवळ सांधपट्ट्यांवर विसंबू नये, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखावी, कारण आपल्या खाऱ्या हवेत सांध्यांतील संपर्क फार लवकर बिघडतो. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवून माथा लगेच पुसून घ्यावा.

खडीच्या बाबतीत बहुतेकांचा हात सैल सुटतो. भारतीय रेल्वेची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते. म्हणजे १:१६० मध्ये सर्वांत मोठा कणही ०.४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. दुकानातील पुष्कळशी खडी या मापात दगडगोट्यांसारखी दिसते. मी काळ्या दगडाची भुकटी बारीक चाळणीतून काढतो आणि कडेला जांभ्याची माती मिसळतो, कारण घाटाच्या पायथ्याशी खडीचा करडा रंग रुळांपासून हातभर अंतरावरच तांबूस होऊ लागतो. हा तांबूसपणा परदेशी रंगाच्या बाटलीत सापडत नाही. तो अंगणातून आणावा लागतो. माती भट्टीत तापवून घेतली की बुरशी व किडे मरतात. त्यानंतर तिच्यातून लोहचुंबक अनेकदा फिरवावे, कारण आपल्या मातीतील लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर निकामी करतात. खडी पसरल्यावर तिच्यावर आधी साबणाचा थेंब टाकलेले पाणी फवारावे आणि मग पाण्यात पातळ केलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. कोरड्या खडीवर गोंद सोडला, तर त्याचे गोळे होतात. खडीऐवजी रवा वापरण्याचा सल्लाही कोणीतरी देतेच. ज्यांच्या घरी मुंग्या नाहीत, त्यांनी तो खुशाल मानावा.

कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणाऱ्या या ब्रागांझा घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे मीटरभर फळीवर २७ मिलिमीटर. छोटी इंजिने तो चढतात, पण वळणे तंग असतील तर धापा टाकतात. दोनशे मीटर त्रिज्येचे वळण या प्रमाणात सव्वा मीटर त्रिज्येचे होते. घरातील फळीवर ते मावत नाही, म्हणून वळणाचा बराचसा भाग डोंगराआड लपवावा आणि दिसणारा भाग तेवढा ऐसपैस ठेवावा. दूधसागर कोठे आहे, असे प्रत्येक पाहुणा विचारतो. ३१० मीटरचा धबधबा १:१६० मध्ये जवळजवळ दोन मीटर उंच होतो. त्याला ढोपरभर उंचीत दडपून बसवण्यापेक्षा मी तो दृश्याबाहेर ठेवला आहे.

फळीसाठी साधे प्लायवुड मी वापरत नाही. पावसाळ्यात ते फुगते आणि त्यावरील रूळ उचलले जातात. पाणी सोसणारे मरीन प्लाय घेऊन त्याच्या कडाही रंगाने बंद कराव्यात. दाट फोमचे डोंगर हलके होतात व ओल धरत नाहीत.

हिरवळीच्या आधी महिना ठरवावा. परदेशी पाकिटांतील गवत बव्हेरियातील कुरणांना शोभते, परंतु आपल्याकडे श्रावणातला हिरवा आणि वैशाखातला पिवळा यांच्यात एकही छटा सारखी नसते. मी ऑक्टोबरची अखेर निवडली आहे: जांभ्याच्या कापावर शेवाळ अजून काळपट-हिरवे, बांधावरील गवताचे शेंडे वाळू लागलेले, शेतातील भात पिवळे. गवताचे दोन मिलिमीटरचे तंतू या प्रमाणात फूटभर उंचीचे होतात, म्हणून रुळांलगत एक मिलिमीटरचेच वापरावेत.

कुळागराचे, म्हणजे पोफळीच्या बागेचे, काम अजून चालू आहे. पंधरा मीटरची पोफळ साडेनऊ सेंटिमीटर उंच येते आणि तिचे वीतभर जाडीचे खोड दीड मिलिमीटरही भरत नाही. तयार मिळणाऱ्या ताडामाडांची खोडे तीन मिलिमीटरची असतात, म्हणजे खऱ्या मापात अर्धा मीटर, आणि अशी दहा झाडे ओळीने लावली की बाकीचे सारे अचूक असूनही बागेचा डोलारा कोसळतो. मी तांब्याची बारीक तार ताणून सरळ करतो, तिच्यावर फक्त रंगाचा एक हात देतो आणि झावळ्या पातळ कागदाच्या कापतो. या झाडांना अधिक वेळ लागतो, परंतु पोफळ सरळ असते आणि माड वाकतो, हा फरक दोन्हींना वेगळी तार दिल्याशिवाय उतरत नाही.