हे कोणी ठरवलं?

महापेच्या एका कंपनीत मी सहा वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे हाताखाली माणसं असणार, अशी आईची पक्की समजूत. एकही नव्हतं. प्रॉडक्ट मॅनेजरनं फक्त ठरवायचं असतं, आणि तेही डिझायनर, इंजिनीअर, सेल्स अशा सगळ्यांची मनं वळवून. मग सहा महिन्यांनी कोणीतरी मीटिंगमध्ये विचारतं, “हे कोणी ठरवलं?” उत्तर असतं एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात.

२०१८ च्या दसऱ्याला मी आणि माझा कॉलेजचा मित्र ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून यावर सॉफ्टवेअर लिहायला लागलो. खाली पावडर कोटिंगचं काम चाले. गाळ्याचे मालक काका अधूनमधून वर डोकावून विचारत, “माल कधी निघणार तुमचा?”

माल निघाला वर्षभरानं, आणि फसला. आम्ही कामांचा बोर्ड, त्यावर प्रत्येक कामाचं कार्ड, चॅट, पुढच्या कामांचा रोडमॅप सगळंच करून बसलो होतो. टीमच्या कामांची नोंद ठेवणारं जिरा २००२ पासून बाजारात, कार्डांच्या बोर्डाचं ट्रेलो २०११ पासून, ऑफिसातल्या चॅटचं स्लॅक २०१३ पासून. आणि त्या तिघांचं काम आम्ही दोघं पोटमाळ्यावरून एकत्र करणार होतो! ऐरोलीत एका कंपनीत डेमो दिला. तिथल्या प्रॉडक्ट हेड बाईंनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे. पण हे घ्यायचं तर आमच्याकडचं काय बंद करू, ते सांगा.” सांगता आलं नाही. ठाण्याला येईपर्यंत आम्ही दोघं गाडीत गप्प होतो.

त्या आठवड्यात चॅट काढलं, बोर्ड काढला. भांडण झालं, कारण चॅट मित्रानं रात्री जागून लिहिलं होतं. उरलं ते एक साधं पान: काय ठरलं, कोणी ठरवलं, कोणते पर्याय सोडले आणि का. ते जिराच्या कार्डाला जोडता येईल एवढी सोय केली. आता काही बंद करायची गरज नव्हती. त्याच बाईंनी आठ जणांसाठी ते घेतलं. आमचं पहिलं बिल.

पुढचा धडा पारसिकच्या बोगद्यानं दिला. त्या टीममधली एक मुलगी डोंबिवलीहून फास्ट लोकलनं यायची आणि ठाण्याला ऐरोलीची गाडी पकडायची. फास्ट गाड्या तेव्हा त्या १९१६ च्या बोगद्यातून जात. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा, आत रेंज गुल. ती आत असताना ऑफिसात सहकाऱ्यानं त्याच पानावर तीन परिच्छेद लिहिले. बाहेर येताच तिच्या फोननं आपली जुनी प्रत वर चढवली आणि ते तीन परिच्छेद नाहीसे झाले. शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं, असा आमचा हिशोब होता. लोकांनी एकत्र काम करावं म्हणून विकलेलं सॉफ्टवेअर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या हातून पुसत होतं!

उपाय माहीत होता: सीआरडीटी, म्हणजे एकाच पानाच्या वेगवेगळ्या प्रती आपोआप जुळवायची पद्धत. २०११ च्या सुमारास संशोधकांनी याची नीट मांडणी केली. पान अख्खं पाठवायचं नाही. प्रत्येक बदलाला स्वतःची ओळख द्यायची आणि जोडणीचे नियम असे बांधायचे, की बदल कोणत्याही क्रमानं पोचले तरी सगळ्यांकडे शेवटी तेच पान तयार होतं. वाचायला सोपं आहे. आम्हाला पाच महिने लागले. चाचणीसाठी मित्र दोन फोन घेऊन दुपारच्या रिकाम्या गाडीनं ठाणे–डोंबिवली फेऱ्या मारायचा. तिकिटांचा खर्च आम्ही ‘संशोधन’ या नावाखाली लिहिला आहे.

प्रसिद्धीचं सांगायचं तर, प्रॉडक्ट हंट या नवी सॉफ्टवेअरं लोकांपुढे मांडायच्या वेबसाइटवर मोठ्या थाटात उतरलो. तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या ऐन जेवणाच्या वेळेला. दोनशेच्या वर लोकांनी नाव नोंदवलं, पैसे दिले तिघांनी. बघ्यांची गर्दी होती ती. गिऱ्हाईक आलं वेगळ्या वाटेनं: शनिवारी एखाद्या टीमबरोबर दोन तास फुकट बसायचं आणि त्यांचे जुने दहा निर्णय त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. पाचव्या-सहाव्या निर्णयाला हमखास दोघं एकमेकांकडे बघून म्हणत, “असं कुठे ठरलं होतं?” त्यानंतर आम्हाला फारसं बोलावं लागत नसे.

पैसे मिळणं मात्र सरळ नव्हतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ५,००० रुपयांवर दर वेळी ओटीपी. माणशी ३०० रुपये, वीस जणांची टीम, म्हणजे महिना ६,०००. ओटीपी जाई अकाउंट्समधल्या कोणाच्या तरी फोनवर, आणि तो माणूस नेमका रजेवर. पुढच्या वर्षी मर्यादा १५,००० झाली, पण तोवर आम्ही वार्षिक बिलावर आलो होतो: १८ टक्के जीएसटी, बँकेतून थेट पैसे, आणि वसुलीचे फोन मी करायचे.

आज अकरा जण आहोत, गाळा तोच. गेल्या महिन्यात नव्या मुलीनं विचारलं, “सर, आपल्यात चॅट का नाही?” मी तिला २०१९ चं पान उघडून दिलं. चार ओळींत कारणं होती आणि खाली मित्राची नोंद: ‘मला हे पटलेलं नाही.’ तिनं वाचलं, आणि त्याखाली लिहिलं, ‘मलाही.’ सोमवारी बसतोय त्यावर.