पाच नद्यांच्या उगमाशी, भर मे महिन्यात

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढताना खाली धोम धरणाचं पाणी दिसतं. मेमध्ये ते इतकं आत सरकलेलं असतं की काठाच्या पांढुरक्या भेगाळ मातीचीच रुंदी डोळ्यांत भरते. डोंगर उघडे, गवत वाळून गेलेलं. इथून महाबळेश्वर तीसेक किलोमीटर. वाईत वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस, वर साडेपाच हजारांच्या पुढे. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, पूर्वेकडे उरतो पर्जन्यछायेचा प्रदेश. हे शाळेत पाठ केलेलंच असतं. पण पाऊस चार महिने पडतो आणि नद्या तर त्यानंतरही वाहतात. मधले आठ महिने कोण सांभाळतं, हे बघायला मी मुद्दाम उन्हाळ्यात गेलो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून धार पडत होती. बारीक, पण अखंड. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशी पाच नद्यांची नावं इथे घेतात. सावित्री कडा उतरून पश्चिमेला बाणकोटच्या खाडीकडे जाते. कृष्णा मात्र समुद्र जवळ असूनही त्याला पाठ दाखवते आणि साधारण १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

देवळामागच्या रानात एक स्थानिक काका सोबत आले. जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा. उंचीने बेताची, वाऱ्याने वाकलेली झाडं, खाली पाचोळ्याचा थर. मी कोरड्या पानांचे फोटो काढत होतो, तर म्हणाले, "पावनं, वरवर नका बघू. हात घाला." मनगटापर्यंत हात गेला. तळाशी काळी, भुसभुशीत, गार माती. बोटांना ओल लागली.

सगळी गोम इथे आहे. उघड्या उतारावर पावसाचा टपोरा थेंब माती ठोकून घट्ट करतो, मग पाणी आत न शिरता ती मातीच घेऊन पळतं. रानात तोच थेंब पानांवर फुटतो, पाचोळ्यात अडतो आणि मुळांनी, गांडुळांनी केलेल्या वाटांनी खाली उतरतो. त्याखाली सच्छिद्र जांभा दगड. जांभ्यातून झिरपत पाणी चिकणमातीच्या थरापर्यंत पोचतं, तिथे अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे जंगल पाणी तयार करत नाही, त्याची घाई मोडतं. खालच्या धरणात गाळ कमी येतो, हा वरचा नफा.

"झाडं लावा, पाणी वाढेल" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. झाडंही पाणी पितात. रस्त्याच्या कडेला लागवड केलेल्या सिल्व्हर ओकच्या सरळसोट रांगा दिसतात, पण त्या म्हणजे रान नव्हे. शेकडो वर्षांत जमलेला तो पाचोळा, ती माती एका लागवडीच्या कार्यक्रमात येत नाही. आहे ते रान राखणं स्वस्त पडतं, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

आणखी एक गैरसमज. जंगल असलं की दरड कोसळत नाही, असं नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात घाटाखाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. मुळं वरची माती धरून ठेवतात. खोलवर डोंगरच पाण्याने भरला की त्यांचं काही चालत नाही. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला असेल तर आणखीच कठीण.

तिथून तापोळ्याला उतरलो. समोर कोयनेचा शिवसागर जलाशय: १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, १,९६० मेगावॅटचा प्रकल्प. वीज करण्यासाठी बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखालून कोकणात सोडतात आणि ते वाशिष्ठीला मिळतं. उरलेली कोयना कराडला कृष्णेत जाते. पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. त्या रानाच्या भरवशावर कराड-सांगलीचा ऊस उभा आहे आणि राज्यभरातले दिवे लागतात.

या जलाशयाकाठच्या कांदाटी खोऱ्यात मात्र घरटी कुणीतरी मुंबईत माथाडी. सुपीक जमीन धरणात गेली, उरलेल्या वावरात गवे आणि डुकरं. लाँचवर शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "रान राखायचं आमी, पानी प्यायचं दुसऱ्यांनी." त्यात तक्रारीचा सूरही नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगितलं. मला हा हिशेब चुकता झालेला कुठे दिसला नाही. ऊस पिकवणाऱ्या तालुक्यांनी पाणीपट्टीतला थोडा वाटा या खोऱ्याला द्यावा, यात काय अवघड आहे?

थोडी मिळकत रानातूनही होते म्हणा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मधमाश्यांना जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा फुलोरा लागतो, म्हणजे इथे झाड उभं असेल तरच पैसा. जाणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आत जा, वासोटा किल्ल्याकडे जायचं असेल तर बामणोलीत वनखात्याचा परवाना काढा, आणि मध बाजारपेठेतून न घेता सरळ मांघरमध्येच घ्या. जांभळाचा मिळाला तर सोडू नका. किंचित कडवट लागतो, पण मला तोच जास्त आवडला.