निळ्या कानांचा स्पॉक

आमच्या टीव्हीवर आकाश कायम निळं असायचं, माणसांचे चेहरे केशरी आणि जमीन हिरवीगार. प्रसंग वाळवंटातला असो की हॉस्पिटलातला, खाली हिरवळ. टीव्ही अर्थातच कृष्णधवल होता. पण बाबांनी कुठूनसा तीन पट्ट्यांचा रंगीत प्लॅस्टिकचा कागद आणून काचेवर बसवला होता. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्येच सुरू झालं होतं. आमच्या घरी ते या कागदापुरतं पोचलं.

या कागदातून मी 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या सफरींची अमेरिकन मालिका पाहिली. साल १९८४-८५, रविवारची सकाळ. मालिका सुरू व्हायच्या आधी गच्चीवर जाऊन अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे नीट वळवायचं काम माझं. पुण्याचं प्रक्षेपण गडावरून यायचं, आणि आमच्या अँटेनावर कावळे बसायचे. मी वरून ओरडणार, "आलं का?" ताई खिडकीतून, "आलं, आलं... गेलं!" असं चार-पाच वेळा झालं की मी धापा टाकत खाली. तोवर 'एंटरप्राइज' यान निघून गेलेलं असायचं.

यानाचा कॅप्टन कर्क आम्हाला आवडायचा, पण घरातलं खरं माणूस म्हणजे त्याचा टोकदार कानांचा, परग्रहावरचा सहकारी स्पॉक. त्याचा चेहरा जवळून दाखवला की कपाळ आणि कानांची टोकं निळ्या पट्ट्यात जायची, कानाच्या पाळ्या आणि नाक केशरी, हनुवटी हिरवी. अक्षरशः परग्रहावरचा! आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण ती त्याच्यासाठी पोथी बाजूला ठेवायची. "या गृहस्थाच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही बघ," असं कौतुकानं म्हणायची. माशी नसली तरी मुंग्या भरपूर होत्या, पडद्यावर.

इंग्रजी तसं आम्हालाही फारसं कळत नव्हतं. निम्मी गोष्ट आम्ही मनानेच रचायचो आणि सोमवारी शाळेत ती छातीठोकपणे सांगायचो. त्याच सुमारास 'जायंट रोबॉट' ही जपानी मालिकाही लागायची. तिच्यातला मुलगा मनगटावरच्या घड्याळातून रोबॉटला हुकूम द्यायचा, त्यामुळे गल्लीतली सगळी पोरं मनगटाशी बोलायला लागली होती. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं ती पेनाने काढून घ्यायची. शेवटच्या भागात रोबॉट जगाला वाचवायला स्वतः अवकाशात जाऊन नष्ट होतो, तेव्हा आमच्या जिन्यात सुतकच होतं. असो, तो वेगळा विषय.

ताईची आणि माझी पैज लागली होती ती कर्कच्या शर्टावरून. तो शर्ट मूळचा कुठल्या रंगाचा? मी म्हणायचो लाल, कारण कप्तान म्हटल्यावर लालच हवा. ताई म्हणायची हिरवा. तिचा पुरावा काय, तर कर्क लांबून उभा दिसला की तो निम्मा हिरवाच असतो. "अगं, तो कागद आहे!" मी जीव तोडून सांगायचो. दहा लिमलेटच्या गोळ्यांची पैज. निकाल द्यायला रंगीत टीव्ही असलेलं ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे ती तशीच लोंबकळत राहिली.

परवा मोबाइलवर त्या मालिकेचे भाग सापडले. स्वच्छ, रंगीत, एकही मुंगी नाही. पहिल्याच दृश्यात कर्क पिवळ्या शर्टात! म्हणजे दोघंही हरलो. स्पॉकचा शर्ट निळा आणि पहारेकऱ्यांचे शर्ट लालभडक. तिथल्या चाहत्यांत एक जुना विनोद आहे म्हणे, की लाल शर्टातला नवखा माणूस ग्रहावर उतरला की तो परत येत नाही. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे सगळेच करडे, त्यामुळे कोण मरणार हे कधीच आधी कळायचं नाही. प्रत्येक मरण खरं मरण होतं.

मग खोदत बसलो. ती मालिका १९६६ ते १९६९ ची, ७९ भागांची. ती दाखवणारी एनबीसी वाहिनी ज्या आरसीएची, ती कंपनी रंगीत टीव्ही विकत होती. भडक शर्ट तिला सोयीचेच. पण तेव्हा अमेरिकेतही बहुतेक घरांत कृष्णधवल सेटच होते, आणि ते मालिका करणाऱ्यांच्या लक्षात होतं. स्पॉकची कातडी आधी लालसर करायचं घाटत होतं, पण कृष्णधवल पडद्यावर ती काळी दिसेल म्हणून पिवळसर केली. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

बाकीची जादू तर आमच्या गणपतीच्या देखाव्यासारखीच निघाली. यानाचे आपोआप सरकणारे दरवाजे मागून माणसं हाताने ओढायची. डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं म्हणजे मिठाच्या डब्या! एका भागासाठी आधुनिक दिसणाऱ्या मीठदाण्या आणल्या, पण त्या इतक्या आधुनिक निघाल्या की मीठदाण्या वाटेनात, म्हणून दवाखान्यात रवाना. आणि माणसं चमचमत विरघळून ग्रहावर उतरायची, ती यान दर वेळी जमिनीवर उतरवून दाखवणं खिशाला परवडणारं नव्हतं म्हणून. ती चमचम अ‍ॅल्युमिनिअमच्या भुकटीची. आमच्या घरी मात्र ती मुंग्यांतच मिसळून जायची आणि वाटायचं, अँटेना परत फिरला.

वाचता वाचता शर्टापाशी आलो. कपडे विल्यम वेअर थाइस या माणसाने केले होते. कर्कचा तो शर्ट, लिहिलं होतं, मुळात हिरव्या छटेचा. सेटवरच्या दिव्यांत आणि फिल्मवर त्या कापडाचा रंग सोनेरी-पिवळा उतरला, आणि जगाने तो पिवळाच धरला. कर्कचा आणखी एक, पुढून गुंडाळायचा अंगरखा आहे. त्याचं कापड वेगळं, तो पडद्यावरही हिरवाच दिसतो.

रात्री साडेअकराला ताईला फोटोसकट सगळं पाठवलं. ती नाशिकला असते, लवकर झोपते. सकाळी सहाला उत्तर आलं: "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तू प्लॅस्टिकवरून सांगितलं होतंस!"

"दहा गोळ्या. चाळीस वर्षांचं व्याज वेगळं."

किराणावाल्याकडे जाऊन आलो. लिमलेटच्या गोळ्या आहेत म्हणाला, पण केशरीच. हिरव्या हव्यात का, असं त्यानेच विचारलं.