तुम्ही विचारलंत म्हणून: आजीला घरच्यांनी जाऊ कसं दिलं?

माझ्या आजीनं साठाव्या वर्षी पायी नर्मदा परिक्रमा केली हे कळलं की लोक आधी ‘अरे वा’ म्हणतात आणि लगेच विचारतात, ‘पण घरच्यांनी जाऊ कसं दिलं?’ बायका हे जरा आवाज खाली आणून विचारतात. पुरुष विचारतात तेव्हा आजोबांना जाब विचारल्यासारखं वाटतं.

तर ऐका. कुणी जाऊ दिलं नाही. तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. पण न विचारता जाता येण्याइतकी जागा तिनं तीस वर्षं खपून तयार केली होती.

आजी वाईची. कृष्णेच्या घाटावर सुका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकलेली, आणि भोपळा सुटल्यावर पलीकडच्या काठाला हात लावून येणारी. लग्नही गावातच झालं. सासरी सासरे कडक, आजोबा कचेरीत कारकून आणि स्वभावानं गरीब. गोवा मोकळा झाल्यावर काही वर्षांनी तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी तिकडे जायचं ठरवलं. समुद्र बघायचा, बाकी काही नाही. आजीनं घरात विषय काढला. सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, ‘तिकडे काय काम आहे?’ काम काहीच नव्हतं. विषय मिटला.

पुढच्या आषाढात ती म्हणाली, दिंडीबरोबर पंढरपूरला जाते. त्याच सासऱ्यांनी उठून कनवटीचे दहा रुपये काढून दिले, विठोबापुढे ठेव म्हणून.

आळंदी ते पंढरपूर म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर. दिवे घाट, जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, फलटण. रात्री परक्या गावात, राहुटीत, परक्या बायकांशेजारी झोपायचं. गोव्याच्या सहलीत यातलं निम्मंही घडलं नसतं. पण याला कुणाची हरकत नव्हती, कारण तिथं काम होतं. आजीला हे लख्ख कळलं. देवाचं नाव घेतलं की वाड्याचा दिंडी दरवाजा आपोआप उघडतो.

इथं काही जण हसतात आणि म्हणतात, म्हणजे देव नुसतं निमित्त! मला ते पटत नाही. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ शेवटपर्यंत उतरली नाही. संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय तिनं पान घेतलं नाही. ज्या सासऱ्यांनी गोवा अडवला ते पुढे अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं, अगदी सगळं, तिनं वर्षानुवर्षं केलं आणि त्या काळात वारीही सोडली. तिच्या मनात भक्ती कुठं संपत होती आणि पायांची खाज कुठं सुरू होत होती, हे तिला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे. मला वाटतं तिला तो फरक करायची गरजच पडली नाही. बाकीच्यांना पडते.

सासरे गेल्यावर गिरनार झाला, केदारनाथ झालं. गिरनारच्या जवळजवळ दहा हजार पायऱ्यांबद्दल तिचं म्हणणं एवढंच, की उतरताना गुडघे बोलतात.

नर्मदेचं वेगळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नदी कायम उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथून नावेनं पलीकडे, मग उत्तर तटानं थेट उगमापाशी अमरकंटकला, आणि तिथून परत दक्षिण तटानं ओंकारेश्वर. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून किती ते तुम्हीच जोडा. उपनद्या ओलांडायला हरकत नाही, पण मुख्य धार कुठंही ओलांडायची नाही. चातुर्मासात चालायचं नाही. जवळ थोडं नर्मदेचं पाणी बाळगायचं. जे मिळेल ते खायचं, नाही तर सदावर्तातलं पीठ-डाळ घेऊन स्वतः रांधायचं.

ती निघाली १९९६च्या कार्तिकी एकादशीनंतर, दिंडीतल्या दोघींबरोबर. आजोबांना आठवडाभर आधी सांगितलं. ते म्हणाले, ‘एवढ्या लांब?’ ती म्हणाली, ‘नदीकाठानंच आहे हो.’ वाईच्या माणसाला यावर काय उत्तर सुचणार? आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो, नदी ही घरातलीच बाई.

तिघींपैकी एकीचे गुडघे बडवाणीपर्यंतच टिकले. ती एसटीनं परत आली आणि वाईत बातमी पसरली की आता पुढे शूलपाणीची झाडी लागणार. त्या काळी झाडीत परिक्रमावासीयांना लुटत असत. जिवाला धक्का लावत नसत, पण अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही ठेवत नसत. परिक्रमेतले लोक या लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणतात, कारण नर्मदा आई आणि हे तिचे भाऊ. आजीलाही मामा भेटले. घोंगडी गेली, स्वेटर गेला, पिशवीतले पैसे गेले. एका पोरानं तिचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला, त्याला गरगरायला लागलं, आणि तो हसत सुटला. आजीही हसली. चष्मा परत मिळाला.

हा प्रसंग आम्ही तिच्याकडून पुन्हा पुन्हा मागून घ्यायचो. मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, राग नाही आला? तेव्हा तिनं आम्हा पोरांना कधी न सांगितलेलं सांगितलं. त्या डोंगरांत, आपल्याच नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात, एका पाड्यावर त्यांना भाकरी मिळाली होती. भाकरी देणाऱ्या बाईनं बोट दाखवून सांगितलं की आमचं शेत तिथं खाली होतं. तिथं पाणी होतं. सरदार सरोवराच्या फुगवट्यात मणिबेलीसारखी गावं तोवर बुडायला लागली होती. आजी म्हणाली, ‘त्यांचं घर चाललंय धरणात, आणि मी स्वेटरचं रडू?’ ती काही आंदोलनातली बाई नव्हती. पण त्यानंतर घरी कुणी धरणाचं नुसतंच कौतुक करायला लागलं की ती उठून आत जायची.

समुद्राच्या टप्प्यात नाव भरतीच्या वेळेवर सुटते आणि माणसं दाटीवाटीनं बसतात. सोबतीण डोळे मिटून नामस्मरण करत होती. आजी कडेला बसून पाणी बघत होती. तिला हवा होता तो समुद्र तिनं इथं बघितला, गोव्यानंतर तीसेक वर्षांनी, उत्तर तटावरच्या मिठी तलाईकडे जाताना. आजोबांना आलेल्या पत्रात देवाधर्माचं अक्षर नव्हतं. ‘पाणी दोन रंगांचं दिसतं’ एवढंच होतं, आणि खाली ‘औषध वेळेवर घ्यावे’.

परिक्रमेत सगळ्यात जड काय गेलं, तर ‘पोहता येत नव्हतं ते’. पलीकडचा काठ महिनोन्‌महिने समोर, आणि धार ओलांडायला बंदी. कृष्णेत वाढलेल्या बाईला ही खरी तपश्चर्या! चालणं तिच्या लेखी तपात मोजण्यासारखं नव्हतंच.

उत्तर तटावर महेश्वरला ती ठरल्यापेक्षा जास्त थांबली. अहिल्याबाईंचा घाट तिला बघून बघून पुरेना. पंढरपूरचा होळकर वाडा तिच्या ओळखीचा होताच. ‘देशभर घाट, धर्मशाळा बांधल्या बाईनं,’ ती सांगायची, ‘देवाला काय, कुठंही पाण्यात पाय बुडवता येतात. आपल्याला टेकायला जागा लागते.’

वैशाखात ती परत आली. काळी ठिक्कर, बारीक, आणि जेवायला बसल्यावर भाजीला नावं ठेवणारी. परिक्रमेनं जिभेवर ताबा आणला नव्हता, हे मला तिच्याबद्दल फार आवडतं.

आता उरलेलं उत्तर, जे सहसा कुणी ऐकून घेत नाही. ‘जाऊ कसं दिलं’ हे माझ्या आईला विचारा. ती म्हणेल, ‘त्या गेल्या. घर कोणी चालवलं?’ तेव्हा मी शाळेत, धाकटा भाऊ कायम आजारी, आजोबांचं पथ्य, आणि आईची स्वतःची नोकरी. येणारा-जाणारा आजीची चौकशी करायचा, हात जोडायचा, आणि चहा आई करायची. पुण्य एकीच्या खात्यावर आणि भांडी दुसरीच्या, असं ती मला एकदा म्हणाली होती. तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही.

आजीला हे कुणी बोलून दाखवलं का, माहीत नाही. पण पुढच्या आषाढात तिनं आईची पिशवी भरली आणि म्हणाली, ‘यंदा तू जा वारीला, घर मी बघते.’ आई गेली. फलटणला पायाला फोड आले आणि ती सरळ एसटी पकडून घरी आली. म्हणाली, ‘मला नाही बाई जमत ते. गर्दी, धूळ, आणि अंघोळीला रांग.’ आजोबा गालातल्या गालात हसले. आजीनं त्यांच्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, ‘मग कुठं जायचंय तुला?’

आईनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, कन्याकुमारीला. ऑफिसातल्या बायका चालल्यात दिवाळीनंतर.

आजोबांनी तोंड उघडलं, तसं आजी म्हणाली, ‘अहो, देवीचं मोठं ठाणं आहे तिथं. कुमारिकेचं.’ आजोबांनी पैसे काढून दिले, देवीपुढे ठेवायला.

आई चार दिवस राहिली, सूर्य उगवताना बघितला, मावळताना बघितला, बोटीतून विवेकानंदांच्या खडकावर जाऊन आली. देवळात गेली नाही. रांग मोठी होती. आजोबांनी दिलेल्या पैशांच्या तिनं शंखांच्या माळा आणल्या, एक आजीला, एक स्वतःला.