अण्णांचा एक नंबर

सोमवारी कारखान्याला सुट्टी असते, म्हणून अण्णांनी मुद्दाम तोच वार दिला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या त्यांच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, एरवी ऑफिसात बसलं तरी मोठ्यानं बोलावं लागतं. त्या दिवशी फर्नेस बंद, शॉटब्लास्टिंग बंद, नुसता जळक्या वाळूचा वास रेंगाळत होता.

टेबलावर जाड फाइल होती. त्यांची वेबसाइट गूगलवर वर आणायचं काम, म्हणजे एसईओ, एका एजन्सीकडं होतं; तिचे आठ महिन्यांचे रिपोर्ट, रंगीत प्रिंट काढून, पंच करून, तारखेनं लावलेले. मीही त्याच धंद्यातली, म्हणून अण्णांनी मला बोलावलं होतं. लोखंडाच्या प्रत्येक हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या घाण्याचं, टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवणारा माणूस, त्यानं हेही तसंच जपलं होतं.

"ताई, सगळीकडं एक नंबरला हाय आमी," अण्णा म्हणाले. "पण आठ महिन्यांत साइट बघून एक फोन आलेला न्हाई. चुकतंय कुठं, तेवढं सांगा."

खात्री पटावी म्हणून त्यांनी फोन काढला, स्वतःच्या कंपनीचं नाव टाइप केलं. खरंच, सगळ्यात वर तेच. त्यांनी त्यावर टिचकी मारली, साइट उघडली, फोन माझ्याकडं सरकवला.

मी फोनवर एक पान मागं गेले आणि नावाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'प्रायोजित'.

"अण्णा, ही जाहिरात आहे. पैसे भरून लावलेली. तुम्ही उघडली की त्याचे पैसे तुमच्याच खात्यातून जातात."

ते काही क्षण त्या शब्दाकडं बघत राहिले. रोज सकाळी चहाबरोबर हे उघडून बघायचा त्यांचा नेम होता. त्यांचा मुलगाही बघायचा, हिशेब लिहिणाराही. गूगल असे वारंवारचे क्लिक गाळायचा प्रयत्न करतं, पण सगळे गाळले गेले असतील असं छातीठोक कोण सांगणार? अण्णांनी फोन पालथा ठेवला.

मग आम्ही फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. सगळे फोटो सर्चच्या पानाचे, आणि प्रत्येक फोटो वरून बोटभर कापलेला. नेमकी तीच ओळ गेलेली. एकदा झालं असतं तर चूक म्हटलं असतं. मला त्याचा राग आला, आजही येतो. ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगणं हे आमचं काम आहे, त्याच्या न कळण्यावर महिन्याचं बिल लावणं नव्हे.

जाहिरातीला पैसे भरले की आपली साइट आपोआप वर चढते, असं गुजरीतल्या सराफांपासून उद्यमनगरच्या वर्कशॉपवाल्यांपर्यंत मी सगळ्यांकडून ऐकलंय. तसं होत नाही. जाहिरातीची जागा वेगळी, खालचे साधे निकाल वेगळे. जाहिरात थांबवली की ती जागा त्याच दिवशी जाते, आणि ती चालू असल्याचा साध्या निकालांना काही उपयोग होत नाही. 'एक नंबरची गॅरंटी' हाही तसलाच प्रकार. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलंय.

जाहिरात बाजूला ठेवून साइट नुसती सापडते का, ते बघायचं होतं. सर्चमध्ये 'साइट', पुढं दोन टिंबं आणि लगेच त्यांचा पत्ता असं टाकलं. गूगलकडं त्या साइटची जी पानं आहेत ती अशानं साधारण कळतात. एकही पान आलं नाही.

पासवर्ड त्यांच्या मुलाकडं होता. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडलं आणि तिथं ती चौकट दिसली, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची. तिच्यात टिक. साइट बनत असताना ही टिक ठेवतात आणि त्यात गैर काही नाही; अर्धवट पानं लोकांसमोर जायला नकोत. काम झाल्यावर ती काढायची असते. इथं आठ महिने कुणी काढली नव्हती. दुकान थाटलं, माल मांडला, आणि शटर खालीच.

"आणि दर महिन्याला त्यांनी काम काय केलं मग?" मुलानं विचारलं. मी पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून दाखवला. मेटा कीवर्ड्स नावाच्या टॅगमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळीत, शब्दांची लांबलचक रांग: बेस्ट फाउंड्री, टॉप फाउंड्री, नंबर वन कास्टिंग, मग गावांची नावं. तो टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलनं सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय. जो टॅग कुणी बघत नाही तो भरायचे पैसे हे लोक घेत होते.

टिक काढली. तेवढ्यावर उठता आलं असतं. पण शटर उघडून आत गिऱ्हाईकानं बघायचं काय? साइटवर लिहिलं होतं, 'आम्ही गुणवत्ता आणि विश्वासाला कटिबद्ध आहोत.' हे वाक्य काजूच्या कारखान्यालाही चालेल. कॅटलॉग होता, पण कागद स्कॅन करून लावलेला, नुसती चित्रं.

"अण्णा, तुम्ही नेमकं काय ओतता?"

ते उठले आणि मला शेडमध्ये घेऊन गेले. पुढचा पाऊण तास तेच बोलत होते. ग्रे आयर्न एफजी 260, एसजी आयर्न 500/7, या ओतीव लोखंडाच्या ग्रेड. दुसरीतला 500 म्हणजे ताण सोसायची ताकद आणि 7 म्हणजे तुटण्याआधी किती टक्के लांबतं ते. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या रसाच्या पळीत, मॅग्नेशियम दिलं की लोखंडातलं ग्राफाइट पाकळ्यांसारखं न राहता गोळ्यांसारखं होतं, म्हणून ते लोखंड ठिसूळ राहत नाही. पण मॅग्नेशियमचा असर उतरायच्या आत ओतावं लागतं. कोपऱ्यात रिजेक्ट मालाचा ढीग होता. त्यातलं एक पंपाचं हाउसिंग उचलून त्यांनी माझं बोट आतल्या खड्ड्यावर टेकवलं. गुळगुळीत, मटारच्या दाण्याएवढा, ओतताना आत अडकलेल्या वायूनं पडलेला. "ब्लोहोल. कोअर, म्हंजे आतली पोकळी ठेवायचा वाळूचा गाभा, नीट वाळला नव्हता. मशिनिंग झाल्यावर दिसला आसता तर गिऱ्हाईकाचं मशिनिंगबी वाया."

"हे साइटवर कुठं आहे?"

"ह्ये कशाला लिवायचं? येणाऱ्याला म्हाईत आसतंय की."

इथंच त्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज होता, आणि तो कुठल्या एजन्सीनं घातलेला नव्हता. पुण्याचा परचेस मॅनेजर 'बेस्ट फाउंड्री' टाइप करत नाही. तो ग्रेड टाकतो, वजन टाकतो, पार्टचं नाव टाकतो. आधीच्या सप्लायरच्या मालात ब्लोहोल येत असतील, तर तेच शोधतो. त्याचे ते शब्द अण्णांच्या तोंडात होते, साइटवर एकही नव्हता.

जाताना त्यांनी विचारलं, "आता कधी दिसणार?" साइटमालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल आहे, त्यातून पानं घ्यायची विनंती टाकली होती. मी सांगितलं, पानं घेतली जायला काही दिवस, कधी काही आठवडे. वर यायला कित्येक महिने. आणि किती वर येतील याचा शब्द मी देणार नाही. त्यांनी मान हलवली. जाहिरात त्याच संध्याकाळी बंद केली.

एक गुंता राहिलाय. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या एजन्सीनं स्वतःच्या नावावर घेतलंय. तीन पत्रं गेली, उत्तर नाही. साइट कुणीही बनवू दे, डोमेन आपल्या नावावर आहे ना, हे मी आता प्रत्येक ठिकाणी पहिल्या भेटीत तपासते.

दोन आठवड्यांनी अण्णांचा मुलगा राजारामपुरीत माझ्या ऑफिसात आला. साइटची चार पानं गूगलकडं आली होती, ते आम्ही दोघांनी बघितलं. मग त्यानं पिशवीतून शंभरपानी वही काढली. अण्णांनी रोज रात्री जेवण झाल्यावर बसून, निळ्या पेनानं, अठरा पानं लिहिली होती. पहिल्या पानावर कोअरची आकृती, खाली दोनदा अधोरेखित केलेलं: 'ब्लोहोल का येतो.'