क्रोक पार्कात लिट्रिमची फायनल

ऑफिसातला सहकारी आयर्लंडमधल्या लिट्रिम काउंटीचा. तो म्हणाला, "आमची फायनल आहे, चल." तारीख २२ जून २०१९. खेळ हर्लिंग, म्हणजे लाकडी काठी आणि छोट्या चेंडूचा आयरिश खेळ. लोरी माहर चषक म्हणजे काउंटी संघांच्या हर्लिंगमधली सगळ्यात खालची, पाचवी पायरी. समोर लँकेशायर. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश लोकांचा हा संघ समुद्र ओलांडून खेळायला येतो. मी स्वतः घरापासून इतका लांब राहतो, त्यामुळे त्या पोरांकडे बघताना आत काहीतरी हलत होतं.

डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानाला जायला ड्रमकॉन्ड्रा स्टेशन जवळ, ओ'कॉनेल स्ट्रीटवरून चालतही जाता येतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि त्यावर कोणता स्टँड लिहिलाय ते नीट वाचा, कारण प्रत्येक स्टँडचा रस्ता वेगळा. आम्ही उलट्या बाजूला गेलो आणि वळसा घालून पोचेपर्यंत सुरुवातीचे पॉइंट हुकले. अगदी खालच्या ओळींत पाऊस येतो, तेव्हा थोडं वर बसा. जूनमध्येही जाकीट हवंच.

मैदानात ८२,३०० माणसं मावतात. त्या दिवशी बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि म्हणूनच मी सगळ्यांना हीच फायनल बघायला सांगतो. ॲश लाकडाच्या दोन हर्ली, म्हणजे खेळायच्या काठ्या, एकमेकींवर आदळल्या की कोरडा खाडकन आवाज थेट कानाशी येतो. काठीवर स्लिटर, म्हणजे चामड्याचा चेंडू, बसला की वेगळा, भरीव. खेळाडू एकमेकांना नावानं हाका मारतात, त्याही ऐकू येतात. दोन्हीकडचे लोक मिसळून बसतात. माझ्या डावीकडे लँकेशायरच्या एका खेळाडूची आई होती, तिनं आम्हाला सँडविच दिलं.

गुण समजायला सोपे आहेत. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट, पंच हिरवा झेंडा हलवतो. आडव्या दांड्यावरून गेला तर १, झेंडा पांढरा. मात्र हिशेब स्वतः ठेवा. २०१६ मध्ये क्रिस्टी रिंग चषक या हर्लिंगच्याच दुसऱ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये गुणांची मोजणीच चुकली होती आणि मीथ आणि अँट्रिम या काउंट्यांचा सामना पुन्हा खेळवावा लागला. सहकारी त्यामुळे कागद-पेन घेऊनच बसला होता.

लिट्रिमकडून झॅक मोरादी खेळत होता. इराकमध्ये जन्मलेला कुर्द मुलगा, २००२ मध्ये कुटुंबाबरोबर लिट्रिममधल्या कॅरिक-ऑन-शॅनन गावी आला आणि तिथेच हर्ली हातात धरायला शिकला. यांतल्या कुणालाही खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. सोमवारी सगळे आपापल्या कामावर.

७० मिनिटांत निकाल लागला नाही, जादा वेळ द्यावा लागला. परतीची गाडी ठरवताना हे लक्षात ठेवा, शेवटची पकडायच्या घाईत राहू नका. अलीकडे ही फायनल मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला असते.

शेवटी लिट्रिम २-२३, लँकेशायर २-२२ (आधी गोल, मग पॉइंट). एका पॉइंटनं. ती आई बराच वेळ जागची हलली नाही. मग उठून तिनं सहकाऱ्याशी हात मिळवला. त्यानं आकड्यांचा तो कागद चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.